धाकटीचे टाके

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, कारण ज्यांनी ती मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा राजा कोण होता, हेही आता कुणाला आठवत नाही. आठवतात त्या दोन जावा आणि त्यांच्या गोधड्या. लहानांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनी हातातलं काम चालू ठेवलं तरी चालेल, पण मधेमधे बोलू नका.

डोंगरावर, उघड्या माळाला लागून एक गाव होतं. तिथली थंडी मोठी खट्याळ. कार्तिक संपत आला, की रांजणातल्या पाण्यात हात घालवत नसे. मार्गशीर्षात माणसं सकाळी भिंतीला पाठ लावून उन्हाची वाट बघत बसायची आणि ऊन अंगणात उतरल्याशिवाय कुणी कुणाशी धड बोलायचं नाही.

त्या गावात एका घरात दोन भाऊ राहायचे आणि त्यांच्या दोन बायका. भाऊ बैलांवर मीठ लादून विकायला जायचे. दिवाळी झाली की निघायचे, ते शिमग्याला परत यायचे. म्हणजे अख्खा हिवाळा घरात या दोघी जावाच. लेकरूबाळ दोघींनाही नव्हतं, त्यामुळे जो काही जीव लावायचा तो एकमेकींनाच. गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचं. त्यांची खरी नावं त्यांच्या माहेरी राहिली.

थोरलीच्या हातात सुई होती. तिच्यासारखी गोधडी शिवणारी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. टाका म्हणजे तांदळाचा दाणा. एक घातला की पुढचा त्याच मापाचा, त्याच्या पुढचाही त्याच मापाचा. ओळ अशी सरळ जायची, की बघणारीनं नुसतं बघत राहावं. पण स्वयंपाकात मात्र बाईची बोंब होती. भाकरी एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं काळी.

धाकटीचं सगळं उलट. तिच्या हातात माती होती. घरामागच्या परसात तिनं काय लावलं नव्हतं ते विचारा! कुंपणावर पावटा आणि घेवडा चढवलेला, मधे वांगी, मिरच्या, मेथीचे वाफे, मुळे, गाजरं, कडेनं लसूण, आणि गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल. उन्हाळ्यात ती सांडगे घालायची, गवारी आणि वांग्याच्या फोडी वाळवायची, मडकी भरभरून ठेवायची. हिवाळाभर त्या घरात मीठ सोडून काही बाहेरून यायचं नाही, आणि मीठ तर घरचंच.

सकाळी ती दवानं भिजलेली मेथी खुडून आणायची. मग बाजरीची भाकरी तव्यावरून थेट थोरलीच्या ताटात, वर लोण्याचा गोळा, शेजारी पावट्याची उसळ. पावटा वेलावरून उतरून घटकासुद्धा झालेली नसायची.

"आक्का, गरम आहे तोवर खा," धाकटी म्हणायची. "तुझी गोधडी काही पळून जात नाही."

"तू पण बैस की गं माझ्याबरोबर."

"बसते. चुलीत रताळी पुरली आहेत, तेवढी फिरवून येते."

जेवणं झाली की दोघी अंगणात उन्हात गोधडी घेऊन बसायच्या. त्या गावची रीत अशी, की गोधडी एकटीनं शिवायची नाही. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर नीट अंथरायचे आणि दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीनं आपल्या काठापासून टाके घालत मधे यायचं, दुसरीनं आपल्या काठापासून. मधोमध दोघी भेटल्या, की दोन्ही दोरे मिळून एकच गाठ मारायची. ही रीत कुणी पाडली ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण बायका ती पाळायच्या, कारण तेवढ्या निमित्तानं हिवाळाभर समोर बोलायला कुणीतरी असायचं.

आता धाकटीचे टाके. हसू नका. ती सुई खुरप्यासारखी धरायची. मातीत हात घालून घालून बोटं चिरलेली, दोरा त्या चिरांत अडकायचा. एक टाका लांब, एक आखूड, तिसरा त्याला वाटेल तिकडे. त्यात तिला बोलायची भारी हौस, आणि बोलताना हातवारे हवेतच. बोलण्याच्या भरात ओळ कुठल्या कुठे जायची.

एकदा मार्गशीर्षात धाकटीच्या पायात काटा मोडला, म्हणून थोरलीनं पिठलं केलं. ते मांजरीपुढे ठेवलं, तर मांजरीनं हुंगलं, थोरलीकडे एकदा बघितलं आणि शेपटी वर करून चालती झाली. दोघी दोन दिवस हसत होत्या. सुई हातात घेतली की एकीला आठवायचं, ती हसायची, की दुसरी सुरू. त्या वर्षीच्या गोधडीत धाकटीच्या बाजूचे टाके नुसते उड्या मारत गेले होते. घरात त्या गोधडीला नावच पडलं, पिठल्याची गोधडी.

असे सात हिवाळे गेले. सात गोधड्या झाल्या.

सातव्या वर्षी संक्रांतीला बिनसलं. संक्रांतीच्या दिवशी गावातल्या बायका आपापली नवी गोधडी भिंतीवर उन्हात टाकायच्या आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका ती बघायच्या. त्या वर्षी गावात नवी पाटलीण आली होती. राजधानीतली बाई, अंगावर जरीचं लुगडं, आणि जिभेला हाड नाही. तिनं या दोघींची गोधडी बघितली, हातात धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

"अगबाई!" ती म्हणाली. "ही गोधडी दोन ठिकाणी शिवली का हो? अर्धी राजवाड्यात आणि अर्धी गोठ्यात?"

सगळ्या बायका खो खो हसल्या. सगळ्यात मोठ्यानं हसली धाकटी. "गोठ्यातली माझी हं, पाटलीणबाई!" ती म्हणाली. "गाईला विचारून विचारून घातलेत टाके!"

थोरली हसली नाही. तिची कानशिलं तापली. ती काही वाईट बाई नव्हती, सांगून ठेवते. धाकटीसाठी तिनं जीव टाकला असता. पण तिच्याजवळ मिरवण्यासारखं एवढं एकच होतं, आणि त्यालाच चारचौघींत कुणीतरी हसलं. ते वाक्य तिच्या मनात जाऊन बसलं. शिमगा आला, पाडवा आला, पाऊस आला आणि गेला, तरी ते तिथून उठेना.

पुढचा हिवाळा आला. भाऊ बैल घेऊन गेले. दोघींनी नवी गोधडी अंथरली. वरच्या थराला धाकटीचं विटलेलं निळं लुगडं आणि थोरलीचं हिरवं. दोघी समोरासमोर बसल्या आणि धाकटीची टकळी सुरू झाली.

ऊन कललं, की धाकटी परसात जायची. झाडांना पाणी घालायचं, रात्रीच्या भाजीचं बघायचं. पहिल्याच दिवशी ती गेली आणि थोरलीची नजर पलीकडच्या काठावर पडली. एक ओळ फारच वाकडी होती. थोरलीनं इकडे तिकडे बघितलं. उठून त्या बाजूला बसली, सुईच्या टोकानं ती ओळ उसवली आणि झरझर आपल्या हातानं घालून टाकली. एकच ओळ. तिनं स्वतःला समजावलं, की यात धाकटीचंही भलंच आहे, बिचारीला पुन्हा कुणी हसायला नको.

दुसऱ्या दिवशी धाकटी येऊन बसली, तिनं आपला काठ मांडीवर ओढला आणि ओरडलीच.

"आक्का! अगं आक्का, हे बघ! हे माझे टाके आहेत?"

थोरली मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागली.

"अगं, काल घाईत नीट बघितलंच नाही मी. केवढे सारखे आलेत! आक्का, माझा हात बसला गं!"

तिचा चेहरा असा उजळला होता, की थोरलीला पुढे काही बोलवेना. खरं सांगायचं तर तिथंच सांगून टाकायला हवं होतं. दोघी हसल्या असत्या, एक दिवस रुसवा झाला असता आणि मिटलं असतं. पण थोरली म्हणाली, "बसेल नाही तर काय? इतकी वर्षं माझ्यासमोर बसतेस."

झालं. आता रोज उसवणं आलं.

धाकटी विहिरीवर सगळ्यांना सांगत सुटली, की आमच्या आक्काचा हात मला लागला. आणि हात बसलाय म्हटल्यावर तिनं तो टिकवायचं मनावर घेतलं. ओठ दातांखाली धरून, मान खाली घालून ती टाके घालायला लागली. बोलणं बंद. बोललं की टाका चुकतो, म्हणायची. अंगणात दोघी बसलेल्या असायच्या, पण ऐकू यायचं ते शेजारच्या घरातलं जातं. थोरलीला चुकल्यासारखं वाटायचं. तरी ऊन कललं, की ती उठून त्या बाजूला जाऊन बसायचीच.

आणि एवढं करूनही धाकटीचे टाके वाकडेच यायचे. जन्माची सवय होती ती.

पौषातल्या एका दिवशी थोरली अशीच उसवत बसली होती. घराच्या दाराकडे तिची पाठ होती. चार ओळी उसवून झाल्या, पुन्हा घालून झाल्या. पाठ दुखली म्हणून ती आळस देत मागे वळली, तर उंबऱ्यावर चिखलाची दोन ओली पावलं, आणि उंबऱ्याशी धुतलेलं एक गाजर, पानावर ठेवलेलं. आक्काला भूक लागली असेल म्हणून कुणीतरी घेऊन आलं होतं, थांबलं होतं आणि हाक न मारता परत गेलं होतं.

थोरलीला सगळं कळलं. गाजर हातात घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. धाकटी चुलीपुढे बसून निखाऱ्यावर वांगं फिरवत होती. पाठमोरीच होती.

"धाकटे," थोरली म्हणाली.

"वांगं चांगलं भाजलंय, आक्का. आज भरीत करते. वर कांद्याची पात घालते, तुला आवडते ना?"

आवाज घोगरा होता. "धूर फार झालाय," धाकटी आपणहून म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

थोरली सगळं कबूल करायलाच आली होती. पण संक्रांत अगदी तोंडावर होती, गोधडीचं थोडंच काम राहिलं होतं. आता बोललं तर सगळंच अडेल, असं तिला वाटलं. संक्रांत झाली की सांगू, असं ठरवून ती परत अंगणात गेली.

त्या दिवसापासून धाकटी गोधडीपाशी बसेना. भांडली नाही, रुसली नाही. आज मेथी निघायला आली आहे, आज वेलाला काठ्या द्यायच्या आहेत, आज हरभरा सोलायचा आहे. जेवायला वाढताना भाकरी तशीच गरम, लोणी तसंच. थोरलीनं दोन्ही बाजू एकटीनं पुऱ्या केल्या. मधोमध आल्यावर गाठ मारायला दोन दोरे होते, दोन्ही तिचेच. तिनं गाठ मारली.

भोगीच्या दिवशी धाकटीनं परसातल्या एकूण एक भाज्या घालून भाजी केली आणि तीळ लावलेल्या भाकरी केल्या. दुसऱ्या दिवशी गोधडी भिंतीवर पडली. पाटलीणबाई आल्या. यंदा त्यांनी गोधडीवरून हळूच हात फिरवला.

"वा! काय सुरेख! अगदी एका हाताची!"

हे वाक्य ऐकायला थोरली वर्षभर थांबली होती. तिचा चेहरा फुलला. तेवढ्यात तिळगूळ वाटत वाटत धाकटी तिथं आली.

"एकाच हाताची आहे, पाटलीणबाई," ती म्हणाली. "आक्काच्या. माझा त्यात एकही टाका नाही."

बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं पाटलीणबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढच्या बाईकडे गेली. थोरलीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. पण तेवढ्यात पाटलीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बाकीच्या गोधड्याही बघायच्या आहेत मला. येईन हं शिमग्याच्या आधी." आणि थोरलीचं मन पुन्हा भरकटलं.

बाकीच्या गोधड्या! सात होत्या. सगळ्या अर्ध्या राजवाड्यातल्या आणि अर्ध्या गोठ्यातल्या.

आता लपवायचं काही उरलं नव्हतं. थोरली भर दुपारी अंगणात बसून एकेक जुनी गोधडी काढायची, धाकटीची बाजू उसवायची आणि पुन्हा शिवायची. धाकटी जाता येता बघायची आणि आपल्या कामाला लागायची. सहा गोधड्या अशा झाल्या. सातवी थोरलीनं मांडीवर घेतली, तशी धाकटी पाटी खाली ठेवून तिच्याजवळ येऊन बसली.

"आक्का, ही पिठल्याची."

"हो गं. हिची तर पार दैना आहे."

"ही एवढी राहू दे. आपण किती हसलो होतो हिच्यात."

थोरलीची सुई थांबली. क्षणभर तिलाही ती मांजर आठवली. पण शिमगा आठ दिवसांवर आला होता आणि पाटलीणबाई येणार होत्या. "हसलो म्हणून तर टाके असे पडलेत," ती म्हणाली. "पाटलीणबाईंनी बघितलं तर काय म्हणतील? आठांतली एकच अशी कशी ठेवायची?"

"बरं," धाकटी म्हणाली. उठली, पाटी कमरेवर घेतली आणि परसात गेली. थोरलीनं ती बाजू उसवली. जुना दोरा गोळा करून चुलीत घातला.

आणि पाटलीणबाई? त्या आल्याच नाहीत. विसरल्या असतील.

मग पाऊस आला. त्या भाद्रपदात गावात हिवतापाची साथ आली आणि धाकटी पडली. दातावर दात आपटत होते, पांघरुणं घालून घालून थोरली दमली. धाकट्या भावानं डोंगराखालच्या वैद्याकडे धाव घेतली. थोरली उशाशी बसून राहिली.

"आक्का," धाकटी म्हणाली, "पिठल्याची दे ना गं."

थोरलीनं ती गोधडी आणली आणि तिच्या अंगावर घातली. धाकटीनं ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग तिची बोटं काठावरून चालायला लागली. हळूहळू, चाचपत. या काठाला नाही मिळालं, तशी तिनं गोधडी फिरवून घेतली आणि दुसऱ्या काठावरून बोटं फिरवली. बोटं बराच वेळ फिरत होती. मग थांबली.

थोरलीला रडू फुटलं. "धाकटे, अगं मी... माझं चुकलं..." असं ती म्हणायला गेली, पण हुंदक्यात एकही शब्द धड बाहेर पडला नाही.

"आक्का," धाकटीनं डोळे मिटूनच विचारलं, "नव्या रोपांना पाणी घातलंस? दोन दिवस पाऊस नाही."

"घातलं," थोरली म्हणाली. घातलं नव्हतं. खोटं बोलल्याचं तिला सहन होईना. ती डोळे पुसत उठली, परसात गेली, एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घातलं. परत गेल्यावर शांतपणे सगळं बोलायचं, असं तिनं पाणी घालता घालता ठरवलं. कसं बोलायचं तेही ठरवलं. आत आली तेव्हा धाकटीला ग्लानी आली होती. त्यानंतर ती दोन रात्री होती, पण नीट जागी झालीच नाही.

धाकटी गेली.

दिवाळीनंतर भाऊ बैल घेऊन निघून गेले. धाकटा तर एकदाही मागे न बघता गेला. घरात थोरली एकटी राहिली, आणि परसात धाकटीनं जाण्यापूर्वी लावलेलं सगळं वेळेवर यायला लागलं. पावट्याला शेंगा लागल्या. वांगी धरली. छपरावर भोपळा पिवळा झाला. थोरली ते काढायची, शिजवायची, कच्चं करपलेलं खायची. फडताळात मडकी होती, सांडग्यांची, वाळवलेल्या गवारींची. धाकटीनं उन्हाळ्यात दोघींच्या अंदाजानं भरली होती, म्हणून ती संपता संपेनात. थोरली रोज त्या अन्नावर जगत होती.

गोधड्यांची ऊब कमी झाली होती का? नाही, खोटं कशाला सांगू? ऊब तेवढीच होती. पण एके दिवशी थोरलीनं आठही गोधड्या अंगणात उन्हात पसरल्या आणि गुडघ्यांवर बसून, रांगत रांगत, एकेक ओळ बघितली. कुठेतरी एखादा टाका आपल्या नजरेतून सुटला असेल, एखादा कोपरा घाईत राहून गेला असेल, एवढीच तिची आशा होती. ऊन कलेपर्यंत ती शोधत होती. पण थोरलीचं काम ते, चोख होतं. जुन्या सुईची भोकंसुद्धा कापड धुऊन धुऊन मिटली होती. धाकटी त्या घरात आठ हिवाळे शिवत बसली होती, याची कुठेही खूण नव्हती.

मग थोरलीनं धाकटीचं एक लुगडं काढलं, थर अंथरले आणि नवी गोधडी घातली. शेजारीण म्हणाली, "समोर मी बसू का हो?" थोरलीनं मान हलवून नाही म्हटलं. आपल्या काठापासून मध्यापर्यंत तिनं आपली बाजू पुरी केली. मग उठून पलीकडे गेली आणि धाकटीच्या जागेवर बसली.

तिला तसा टाका घालायचा होता. एक लांब, एक आखूड, तिसरा वाटेल तिकडे.

पहिला घातला, तांदळाच्या दाण्याएवढा. उसवला. दुसरा मुद्दाम लांब घातला, तिसरा आखूड. पण चार बोटं अंतर गेलं आणि बघते तर लांब-आखूड, लांब-आखूड, सगळे मापात, एका रेषेत, जशी काही नक्षी काढली आहे. उसवलं. सुई खुरप्यासारखी धरली. मोठमोठ्यानं बोलून बघितलं, समोर कुणी नसताना. हातवारे केले. डोळे मिटून टाके घातले. डोळे उघडले तर ओळ सरळ. महिनाभर ती रोज दुपारी त्या जागेवर बसत होती, घालत होती आणि उसवत होती. ज्या हाताचा तिला एवढा अभिमान, तो हात वाकडा पडायला तयार नव्हता.

संक्रांत आली. थोरलीनं गोधडी भिंतीवर टाकली. बायका आल्या, पाटलीणबाईही आल्या. बघतात तर काय, अर्धी गोधडी शिवलेली आणि अर्धी तशीच, नुसते थर टाचून ठेवलेले, वाऱ्यानं फुगत होते.

"अहो थोरल्या बाई, ही अशी अर्धी कशी राहिली?" पाटलीणबाईंनी विचारलं. "तुमच्यासारख्या हाताला अवघड ते काय? चार दिवसांत पुरी कराल की!"

थोरलीनं त्या मोकळ्या बाजूवर हात ठेवला.

"ती बाजू धाकटीची आहे," ती म्हणाली. "ती मला येत नाही."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. थोरली पुढे पुष्कळ वर्षं जगली. दर संक्रांतीला तीच गोधडी भिंतीवर यायची, अर्धीच. त्या गावात कुणी सुनेच्या, लेकीच्या किंवा जावेच्या हातचं नीट करायला निघालं, की म्हाताऱ्या बायका तिला येत्या संक्रांतीला हाताला धरून त्या भिंतीपाशी घेऊन जायच्या.

तर ऐकलंत ना? आपल्या माणसाचा वाकडा टाका उसवू नये. ते माणूस गेलं, की तो टाका आपल्याला कितीही हुशारीनं घालता येत नाही.